पाणवठ्याचा पंचनामा

नदीकाठच्या गावात मगरीनं माणूस ओढून नेला, की दुसऱ्या दिवशी वनखात्याची जीप येते, पत्रकार येतात, पुढाऱ्यांचे फोन सुरू होतात आणि जो तो एकच प्रश्न विचारतो: या नदीत मगरी आहेत तरी किती? प्रश्न स्वाभाविक आहे. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला दुसरं काही सुचणारही नाही. पण मगर आणि माणूस यांच्यातल्या संघर्षाचा अभ्यास करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना या एका आकड्यावरून फारसं काही उलगडत नाही. एखाद्या पट्ट्यात मगरी भरपूर असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणाला इजा होत नाही. दुसरीकडे मोजक्याच मगरी असतात आणि दर उन्हाळ्यात कुठल्या तरी गावातून वाईट बातमी येते. हा फरक कुठून येतो ते शोधायचं, तर पाण्यात बघावं लागतंच, पण त्याहून जास्त काठावर बघावं लागतं. नदीत कोण उतरतं, किती वाजता, कशासाठी उतरतं, आणि घरी नळ असूनही का उतरतं?

महाराष्ट्रात हा प्रश्न सगळ्यात जास्त पेटतो तो सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठी. औदुंबर, भिलवडी, ब्रह्मनाळ, डिग्रज या भागात नदी वळणं घेत, डोह करत पुढं जाते. इथली मगर गोड्या पाण्यातली. भारतात मगरवर्गातले तीन प्राणी आहेत. उत्तरेच्या नद्यांमधलं लांब, निमुळत्या तोंडाचं घडियाल, ओडिशा, सुंदरबन आणि अंदमानच्या खाड्यांमधली अजस्र खारी मगर, आणि ही तिसरी, नदी, तलाव, कालवा, जिथं गोडं पाणी मिळेल तिथं राहणारी. हिचा पूर्ण वाढलेला नर साडेतीन-चार मीटरपर्यंत जातो. कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिन्ही जातींची दशा झाली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबवली आणि १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं केंद्र सरकारनं मगर प्रकल्प हाती घेतला. अंडी गोळा करायची, उबवायची, पिल्लं मीटरभराची होईपर्यंत सांभाळायची आणि मग नदीत सोडायची, अशी ती रीत होती.

'या मगरी आमच्या नदीत नव्हत्याच, वनखात्यानं आणून सोडल्या' हे वाक्य मगरींच्या जवळजवळ प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. अभ्यासकानं ते अडाणीपणाचं मानून झटकून टाकू नये. देशात अनेक ठिकाणी खरोखरच पिल्लं सोडली गेली आहेत. शिवाय शिकारीच्या काळात मगर इतकी दुर्मिळ झाली होती, की मधल्या एका अख्ख्या पिढीनं ती पाहिलीच नाही. त्या पिढीला पोहायला, म्हशी धुवायला नदी मोकळी मिळाली. आज साठी-सत्तरीत असलेल्या माणसाला आपल्या लहानपणची नदी बिनमगरीची आठवते, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. आपण ज्याला संघर्ष म्हणतो, त्याचा मोठा भाग या मधल्या खंडामुळं आला आहे. मगर परतली, पण तिच्यासोबत कसं राहायचं याची समज मधल्या काळात विरून गेली.

दरम्यान नदीही पहिल्यासारखी राहिली नाही. कोयनेतून सुटणारं पाणी आणि जागोजागचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे यांमुळं कृष्णेच्या डोहांत भर उन्हाळ्यातही खोल पाणी असतं. मगरीला आणखी काय हवं? काठावरची मळी, म्हणजे पुराच्या गाळाची ती काळी कसदार जमीन, उसाखाली आली आणि फड थेट पाण्याला येऊन भिडले. वाळू उपसली गेली, मातीसाठी काठ कापले गेले, वीटभट्ट्या नदीला खेटून उभ्या राहिल्या. मगरीची मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काठावरच्या उतरत्या, भुसभुशीत जमिनीत खड्डा करून अंडी घालते. साधारण दोन महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, पिल्लं बाहेर येतात. तोवर मादी आसपासच घुटमळत असते. तिला लागणारी उतरती जागा जितकी कमी होत जाते, तितकी तिची अंडी माणसाच्या पायवाटेजवळ येत जातात. नेमक्या याच महिन्यांत नदीचं पाणी खाली गेलेलं असतं आणि मोटारीच्या पाइपाच्या तोंडचा फुटव्हॉल्व उघडा पडला म्हणून तो खोल सरकवायला शेतकरी मांडीभर पाण्यात उतरतो. मगरीवर संशोधन करणाऱ्याला उसाच्या पाळीचं वेळापत्रक माहीत असावं लागतं, ते यासाठी.

हल्ल्याचा तपास कसा करतात ते जरा जवळून पाहू. घटनेनंतर लगेच गावात गेलं तर उत्तरं मिळत नाहीत, राग मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. त्यामुळं जाणता अभ्यासक काही दिवस जाऊ देतो. मग जागेवर जाऊन उभा राहतो. माणूस नेमका कुठं होता? पाणी घोट्याएवढं होतं, गुडघ्याएवढं की छातीएवढं? तोंड नदीकडं होतं की पाठ? उभा होता, वाकला होता की उकिडवा बसला होता? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पाण्याच्या रेषेवर उकिडवं बसून भांडी घासणारी बाई मगरीच्या बाजूनं पाहिली तर एखाद्या कुत्र्याएवढी किंवा वासराएवढीच दिसते. काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला मगर सहसा जात नाही. पाणी गढूळ होतं का? वर चिकनच्या दुकानांतला टाकाऊ माल कुणी आणून टाकतं का? मेलेलं जनावर नदीत सोडलं होतं का? आदल्या आठवड्यात तिथं मगर कुणाला दिसली होती का, आणि दिसली असेल तर ती बातमी घाटावर पोचली होती का?

जखम काही सांगत असते, तेही वाचावं लागतं. अंड्यांवर असलेली मादी धावून येते, पायाला चावते आणि सोडून देते. तिला हुसकावायचं असतं, खायचं नसतं. भक्ष्य म्हणून धरलेल्या माणसाला मगर खोल पाण्याकडं ओढत नेते. दोन्ही घटनांची बातमी 'मगरीचा हल्ला' अशी एकाच मथळ्याखाली येते, पण पहिलीवर उपाय वेगळा आणि दुसरीवर वेगळा. ऑस्ट्रेलियात खाऱ्या मगरींच्या हल्ल्यांचा अभ्यास करताना युसुके फुकुदा आणि सहकाऱ्यांना आढळलं, की माणूस वाचणार की नाही हे प्रामुख्यानं त्याच्या आणि मगरीच्या आकारातल्या फरकावर ठरतं. तीच मगर धडधाकट माणसाला जखमी करून सोडून देईल आणि लहान मुलाला मात्र घेऊन जाईल. वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबाची मुलं दिवसभर काठाला खेळत असतात. हा निष्कर्ष वाचताना मला सगळ्यात आधी तीच आठवतात.

मगर केवढी होती हे ठरवायची पद्धत सोपी आहे. रात्री नावेतून बॅटरी मारत गेलं की मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे लालभडक चमकतात. डोळ्यांच्या आतल्या परावर्तक थरामुळं हे होतं. हळूहळू जवळ गेलं की डोकं दिसतं, आणि डोक्याची लांबी गुणिले सात म्हणजे ढोबळमानानं मगरीची एकूण लांबी. जवळ जाण्याआधीच ती बुडाली तर वहीत फक्त 'डोळे' एवढीच नोंद करायची, आकार लिहायचा नाही. दिवसा गणना करायची तर थंडीतली सकाळ बरी. पाणी गार झालेलं असतं, मगरी ऊन खायला काठावर येतात आणि तासन्‌तास पडून राहतात. चिखलातले पंजे आणि शेपटीची फरपट यांवरूनही अंदाज बांधता येतो. एवढं सगळं करून हाती येतो तो किमान आकडा. बुडालेल्या, बिळात शिरलेल्या, उसात पडलेल्या मगरी त्यात नसतात. म्हणून जबाबदार अभ्यासक 'नदीत एवढ्या मगरी आहेत' असं म्हणत नाही, 'एवढ्या दिसल्या' असं म्हणतो. गावकऱ्यांना हे टाळाटाळीचं उत्तर वाटतं, पण प्रामाणिक उत्तर तेवढंच असतं.

काठावरच्या माणसाची चाहूल मगरीला कशी लागते, याचा एक सुंदर अभ्यास २००२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. डॅफ्नी सोआरेस या संशोधिकेनं अमेरिकेतल्या अॅलिगेटर या मगरीच्या भाऊबंदाच्या जबड्यावरचे बारीक ठिपके निरखले. मोहरीच्या दाण्यांसारखे हे उंचवटे शेकडोंनी असतात. ते काय करतात हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. तिनं अॅलिगेटरला संपूर्ण अंधारात, कान बंद करून, अर्धवट पाण्यात ठेवलं आणि पाण्यावर एक थेंब टाकला. तो थेंबाच्या दिशेनं वळला. मग उंचवट्यांवर लेप देऊन ते झाकले, तेव्हा थेंब पडूनही तो हलला नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरची नुसती लहर त्याला पुरत होती. अॅलिगेटरला हे उंचवटे जबड्याभोवतीच असतात. आपल्या मगरीच्या तर अंगभर असतात.

आता घाटावर रोज सकाळी कपडे आपटण्याचा विचार करा. तीच जागा, तीच वेळ, तसाच आवाज, तशाच लाटा. मगर हुशार शिकारी आहे आणि तिच्याकडं वेळ भरपूर असतो. थंड रक्ताचा प्राणी असल्यानं तिला सस्तन प्राण्यांच्या मानानं फारच थोडं अन्न लागतं. ती आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकते आणि एका जागी पाळत ठेवू शकते. हल्ल्यांच्या नोंदी तपासताना संशोधक ठरावीकपणा शोधतात तो म्हणून. उत्तर ऑस्ट्रेलियात सरकार लोकांना सांगतं, की एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा पाण्याजवळ जाऊ नका, मासा साफ करून त्याची घाण तिथंच टाकू नका. तिथं हौसेनं मासेमारी करणाऱ्याला ही सूचना पाळता येते. घाटाच्या दोनच पायऱ्या धड असतात अशा गावातल्या बाईनं रोज वेगळी जागा कुठून आणायची?

हंगामाचंही तसंच. पाणी गार असलं की मगरीची भूक मंदावते, तापलं की वाढते. उन्हाळ्यात भूक, अंड्यांची राखण आणि आटलेली नदी या तीन गोष्टी एकत्र येतात आणि तेव्हाच माणसंही जास्त पाण्यात असतात, कारण मुलांना सुट्टी लागलेली असते. दक्षिण आफ्रिकेत आणि शेजारच्या एस्वातिनीमध्ये नाईल मगरींच्या १९४९ ते २०१६ या काळातल्या दोनशेहून अधिक हल्ल्यांचा अभ्यास झाला, त्यातही बहुतेक हल्ले उष्ण महिन्यांत झाल्याचं दिसलं. मुलं पोहताना सापडली होती, मोठी माणसं मासे धरताना किंवा पाण्याची कामं करताना.

या अभ्यासामागं बापलेकांची एक जोडी आहे. टोनी पूली हा दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातला वनरक्षक. एकीकडं मगर म्हणजे उपद्रव म्हणून ती मारली जात असताना त्यानं तिची अंडी उबवली, घरटी राखली आणि मादी आपल्या पिल्लांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते हे बारकाईनं नोंदवून ठेवलं. मगरीनं माणसांवर केलेल्या हल्ल्यांच्या नोंदीही तोच जमवत गेला. त्याचा मुलगा सायमन पूली पुढं लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात संशोधक झाला आणि वडिलांच्या कामाला त्यानं इतिहासाची जोड दिली. भारतातही हे काम नवं नाही. ओडिशातल्या भितरकनिकात खाऱ्या मगरी वाचवण्याचं काम करणारे सुधाकर कर आणि एच. आर. बस्टर्ड यांनी १९८३ मध्येच या मगरींच्या माणसांवरील हल्ल्यांवर शोधनिबंध लिहिला होता. ज्यांनी मगर वाचवली त्यांनीच तिनं मारलेल्या माणसांचीही नोंद ठेवली, ही मला या क्षेत्रातली फार मोलाची गोष्ट वाटते. भितरकनिकात १९७५ च्या सुमाराला खाऱ्या मगरी शंभराच्याही खाली होत्या. आज गणनेत त्या सतराशेच्या वर भरतात. एवढं यश मिळाल्यावर त्याची किंमत कोण मोजतं, हे विचारणं त्याच लोकांचं काम होतं.

पण नोंदी म्हणजे तरी काय? बहुतेक आकडे वर्तमानपत्रांतून येतात. २०१३ पासून जगभरातल्या मगर-हल्ल्यांची माहिती एका संकेतस्थळावर जमवली जाते. आज ती 'क्रॉकअटॅक' या नावानं पाहता येते. तिचा उपयोग मोठा आहे, पण बातमीत येतो तो मृत्यू. पोटरीला चावून सुटलेला माणूस तालुक्याला टाके घालून घरी येतो आणि विषय तिथंच संपतो. शेळी गेली, कुत्रं गेलं, जाळं फाटलं, या गोष्टी तर कुठंच उतरत नाहीत. भोई समाजातल्या माणसाला विचारलं तर तो महिन्याला किती जाळी फाटतात ते सांगेल, पण त्याच्याकडं कुणी वही घेऊन जात नाही. खरं तर पुढच्या धोक्याची सूचना याच छोट्या नोंदींत असते. घाटावर कुत्री नाहीशी होऊ लागली, तर माणसांनी जपायला हवं.

आता गुजरातेत जाऊ. खेडा आणि आणंद जिल्ह्यांचा चरोतर हा भाग तंबाखूचा, दुधाचा आणि दाट वस्तीचा. इथल्या गावतळ्यांमध्ये गोड्या पाण्यातल्या मगरी राहतात. कुठल्या रानात नाही, तर घरं, देऊळ, म्हशींचं डुंबणं या सगळ्याच्या मधोमध. मलातज गावात तळ्याकाठी खोडियार मातेचं मंदिर आहे. मगर हे या देवीचं वाहन. लोक त्याच तळ्यावर कपडे धुतात, पलीकडच्या काठावर मगर ऊन खात पडलेली असते. वल्लभ विद्यानगरची 'व्हॉलंटरी नेचर कॉन्झर्व्हन्सी' ही संस्था थंडीत स्वयंसेवकांना बरोबर घेऊन इथल्या तळ्यांवर मगरींची गणना करते. सायमन पूली इथंही आला. त्यानं सलोनी भाटिया आणि अनिरुद्धकुमार वसावा यांच्यासोबत २०२१ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. आपण फक्त संघर्ष मोजत बसलो आणि माणसं नि श्वापदं जिथं एकत्र नांदतात त्या जागा अभ्यासायच्या राहून गेल्या, असं त्यात मांडलं आहे.

मला हे पटतं, पण त्याला एक जोड द्यावीशी वाटते. चरोतरचं कौतुक करताना 'तिथं श्रद्धा आहे म्हणून हल्ले होत नाहीत' असं म्हणून थांबणं सोपं आहे. श्रद्धेचं काम मोठं आहेच. मगर दिसली की दगड न मारणारं गाव मगरीला बिथरवत नाही, आणि तिच्याबद्दल बोलत राहणारं गाव तिच्यावर लक्षही ठेवतं. पण तळं आणि नदी यांत फरक आहे. तळ्याचा काठ ओळखीचा असतो, मगरी माहितीच्या असतात, कुठली कुठं बसते हे पोरांनाही ठाऊक असतं. कृष्णा दर पावसाळ्यात सगळी मांडणी मोडून टाकते. पुरानंतर कुठली मगर कुठं गेली आणि कुठली नवी आली, कोण सांगणार? कृष्णाकाठी भक्ती कमी आहे असं औदुंबरच्या घाटावर उभं राहून कुणी म्हणू शकेल का? तेव्हा चरोतरकडून घ्यायची ती भक्ती नव्हे, मगरींची गावभर असलेली ओळख घ्यायची. गोव्यात कुंभारजुवेच्या कालव्याकाठची मंडळी पौष अमावास्येला मातीची मगर करून तिची पूजा करतात. 'मानगे थापणी' म्हणतात तिला. खाजण शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध जिथं फुटतात, दुरुस्त होतात, त्याच काठांवर तिथल्या मगरी राहतात. वर्षातून एकदा का होईना, सगळं गाव मिळून तिची आठवण काढतं.

हल्ल्यानंतर गावाची मागणी ठरलेली असते: पकडा आणि लांब सोडून या. मागणी रास्त वाटते, अधिकाऱ्यालाही ती सोयीची असते, कारण पिंजऱ्यातली मगर सगळ्यांना दाखवता येते. पण पकडलेली मगर तीच होती कशावरून? घाटावर पिंजरा लावला, की त्यात जी पहिली शिरेल ती गुन्हेगार ठरते. मोठा नर काढून नेला तर त्याच्या धाकानं लांब राहिलेले दुसरे नर त्या डोहात येतात. आणि नेलेली मगर तरी तिकडं राहते का? ऑस्ट्रेलियात केप यॉर्क द्वीपकल्पात तीन खाऱ्या मगरींच्या मानेवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवून त्यांना हेलिकॉप्टरनं दूर सोडलं गेलं. एकीला तर द्वीपकल्पाच्या एका किनाऱ्यावरून उचलून पार दुसऱ्या किनाऱ्यावर. ती काही महिने नव्या जागी फिरली आणि मग निघाली. द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालून चारशेहून अधिक किलोमीटर पोहत साधारण वीस दिवसांत आपल्या मूळ नदीत परतली. उरलेल्या दोघीही परतल्या. २००७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत टीव्हीवरच्या मगरींच्या कार्यक्रमांमुळं गाजलेल्या आणि आदल्या वर्षी वारलेल्या स्टीव्ह अर्विनचंही नाव होतं. गोड्या पाण्यातली मगर तर जमिनीवरूनही कोसच्या कोस चालत जाते. कृष्णेतली मगर चांदोलीला नेऊन सोडा, असं म्हणणाऱ्यांनी हेही विचारात घ्यावं, की चांदोलीच्या खाली वारणा आहे आणि वारणा हरिपुरात कृष्णेलाच मिळते.

मग गावानं करायचं काय? श्रीलंकेत नदीच्या काठाला खांब रोवून पाण्यातच कुंपण घालतात, त्याला 'किंबुल कोटुव' म्हणतात. आत माणसं अंघोळ करतात, मगर बाहेर राहते. भितरकनिकाच्या आसपासच्या गावांतही वनखात्यानं असे कुंपणाचे घाट बांधले आहेत. कल्पना साधी आहे आणि तिनं जीव वाचतात. ती कृष्णेवर जशीच्या तशी आणता येईल का, हा मात्र खरा संशोधनाचा विषय आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. एवढी चढउतार असणाऱ्या नदीत पक्कं कुंपण उन्हाळ्यात कोरडं पडेल आणि पावसाळ्यात वाहून जाईल. उलट मोडलेल्या कुंपणात शिरलेली मगर बाहेर पडू शकली नाही तर काय होईल, याची कल्पना करा. इथं पातळीबरोबर खालीवर होणारी किंवा काठावर सरकवता येणारी जाळी लागेल, आणि दर पुरानंतर ती तपासण्याचं काम कुणाचं हे कागदावर ठरलेलं लागेल. मोटारीचा फुटव्हॉल्व काठावरूनच आत-बाहेर सरकवता येईल अशी दांड्याची सोय गावातला फॅब्रिकेशनवाला करून देऊ शकेल. शेतकऱ्याला पाण्यात उतरावंच लागलं नाही, तर कृष्णेतला एक मोठा धोका कुठल्याही मगरीला हात न लावता कमी होईल.

आणि बायकांशी बोलायला हवं. सर्वेक्षणाचे तक्ते बहुतेकदा चावडीवर, पुरुषांपुढं भरले जातात. नदीवर कोण जातं असं विचारलं तर 'आता कोण जातंय, घरोघरी नळ आहेत' हे उत्तर तिथं मिळतं. तोच प्रश्न घाटावर विचारला तर दुसरंच ऐकू येतं. नळाला पाणी येतं, पण वाकळा, सतरंज्या, बाळंतिणीचे कपडे त्या पाण्यात कसे निघणार? लग्न झालं की घरभरच्या चादरी नदीवरच जातात. सूतक फिटलं की नदीवरच जावं लागतं. ऊसतोडीच्या टोळ्या पाल ठोकून महिनोन्‌महिने फडाजवळ राहतात, भट्टीवरचे मजूर राहतात. त्यांची नावं ना ग्रामपंचायतीच्या नळजोडणीच्या यादीत असतात, ना मगरीबद्दलच्या जागृतीच्या बैठकीत. गावातल्या माणसाला कुठला डोह टाळायचा ते ठाऊक असतं. बाहेरगावाहून आलेल्या या कुटुंबांना कुणी सांगितलेलंच नसतं.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर महाराष्ट्र सरकार वारसांना आता २५ लाख रुपये देतं. त्या नुकसानभरपाईत मगरीचाही समावेश आहे. पूर्वीच्या मानानं ही रक्कम बरीच मोठी आहे आणि ती मिळायलाच हवी. पण ती मिळायची तर पंचनामा नीट व्हावा लागतो, आणि पंचनाम्याच्या नेहमीच्या नमुन्यात पाण्याची खोली, वेळ, बसण्याची ढब, काठाचा उतार, जवळचा घाणीचा ढीग यांना रकाने नसतात. तलाठी आणि वनरक्षक तिथं गेलेलेच असतात, टेप त्यांच्या खिशात असतो. हे दहा-बारा रकाने वाढवायला नवा कायदा लागत नाही. कृष्णा आणि कोकणातल्या वाशिष्ठी, सावित्री या तिन्ही नद्यांवर एकच नमुना वापरला आणि न मेलेल्या माणसांसाठी, गेलेल्या शेळ्यांसाठी, फाटलेल्या जाळ्यांसाठीही तो भरला, तर वाशिष्ठीकाठच्या चिपळूणचा अनुभव भिलवडीच्या कामाला येईल. त्यात आणखी एक रकाना असावा: त्या दिवशी गावच्या नळाला पाणी किती वेळ होतं. ती नोंद गावच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याच्या वहीत असते, फक्त ती इकडं उतरवून घ्यायची आहे.